मुंबई ते लंडन : अंतर आणि वेळ यांचा इतिहास

रोह्याच्या बाजारात उभे राहून कोणाला ‘मुंबई किती लांब?’ असे विचारले, तर उत्तर मैलांत किंवा किलोमीटरांत येत नाही. ‘गाडी वेळेवर मिळाली, तर तीन-साडेतीन तास’ असे येते. या उत्तरात एक ‘तर’ आहे. आज आम्ही जो विषय मांडणार आहोत तो सगळा त्या ‘तर’मध्ये सामावलेला आहे. विषय आहे मुंबई आणि लंडन या दोन दूरच्या विमानतळांमधील अंतराचा, आणि ते तोडावयास वेळोवेळी लागलेल्या काळाचा. आमच्या श्रोत्यांपैकी अनेकांना हा विषय परका वाटेल. परंतु जगातील लांबच्या वाटा कोणी आखल्या, त्या कोणाच्या श्रमाने आखूड झाल्या आणि त्यांचा लाभ कोणाच्या पदरात पडला, हे प्रश्न कुंडलिकेच्या काठी राहणाऱ्या माणसालाही तितकेच लागू पडतात.

प्रथम अंतर म्हणजे काय ते पाहू. भिंतीवरच्या नकाशावर मुंबईपासून लंडनपर्यंत पट्टी ठेवून रेघ मारली, तर ती रेघ खरी नव्हे. कारण पृथ्वी गोल आहे आणि नकाशा सपाट. शाळेतला पृथ्वीचा गोल घ्यावा, एक दोरा मुंबईवर धरावा, दुसरे टोक लंडनवर ठेवून दोरा ताणावा. तो जेथून जाईल ती सर्वांत जवळची वाट. हा दोरा अरबी समुद्रावरून निघतो, बलुचिस्तान आणि इराण ओलांडतो, कॉकेशसच्या डोंगरांपाशी निम्म्यावर येतो आणि पुढे काळा समुद्र, युक्रेन, मध्य युरोप असे करीत इंग्लंडात पोहोचतो. त्याची लांबी सुमारे ७,२०० किलोमीटर भरते. हे अंतर शिवाजी महाराजांच्या काळी तेवढेच होते आणि आजही तेवढेच आहे.

आता वेळ काढावयाचा, तर शाळकरी मुलालाही हिशेब येईल. आजचे प्रवासी जेट विमान ताशी साडेआठशे किलोमीटरांच्या आसपास जाते. ७,२०० ला ८५० ने भागले, म्हणजे साडेआठ तास होतात. पण प्रत्यक्षात मुंबईहून लंडनला जाताना नऊ-दहा तास लागतात, आणि परतताना त्याहून कमी. याचे कारण वारा. त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे जोरदार झोत वाहतात. जाताना विमान त्यांच्या तोंडावर जाते, येताना तेच वारे त्याला पाठीमागून रेटतात. आमच्या खाडीतील कोणत्याही तांडेलाला हे समजावून सांगावे लागणार नाही. भरतीबरोबर रेवदंड्याहून वर येणे आणि ओहोटीच्या विरुद्ध येणे यांतला फरक त्याच्या हातांना ठाऊक असतो.

आणखी एक गंमत घड्याळाची आहे. भारताचे घड्याळ ग्रिनिचच्या घड्याळापुढे साडेपाच तास आहे. हिवाळ्यात पहाटे दोनला मुंबईहून निघालेला मनुष्य दहा तास प्रवास करून लंडनला उतरतो, तेव्हा तेथे सकाळचे साडेसहाच झालेले असतात. कागदावर पाहिले तर प्रवास साडेचारच तासांचा! हिशेबाच्या वहीत असा खेळ कोणी केला, तर त्याला आपण वेगळ्या नावाने ओळखतो. पण घड्याळाचा हा खेळ सरकारमान्य आहे. आणि तो सुरू झाला तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगाराने तो मुकाट्याने मान्य केला नव्हता, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. मुंबईची जुनी वेळ ग्रिनिचपुढे ४ तास ५१ मिनिटे होती. १९०६ साली साडेपाच तासांची नवी प्रमाणवेळ आली, म्हणजे मुंबईचे घड्याळ एकदम ३९ मिनिटे पुढे गेले. सूर्य मात्र पुढे सरकला नाही. भोंगा नव्या घड्याळाने वाजू लागला, तेव्हा मजुराला ३९ मिनिटे आधी, अंधारात उठून गिरणीच्या दारात उभे राहणे आले. त्या वर्षीच्या जानेवारीत हजारो कामगारांनी काम बंद केले, दगडफेकही झाली. ‘मुंबई टाइम’ पुढेही शहरात रेंगाळत राहिला आणि १९५५ साली कायमचा गेला. वेळ ही आकाशातून पडत नाही, ती माणसेच ठरवितात, हे त्या कामगारांनी पुस्तके न वाचता ओळखले होते.

आता इतिहासाकडे वळू. आमच्या कुंडलिकेच्या मुखाशी चौल आहे. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन नावाचा एक रशियन व्यापारी त्व्हेर या आपल्या गावाहून निघाला आणि वोल्गा, कास्पियन समुद्र, इराण अशी मजल-दरमजल करीत चौलला उतरला. विक्रीसाठी त्याने एक घोडा बरोबर आणला होता. ज्या वाटेने आज विमान काही तासांत जाते, तिच्या आसपासच्या मुलखातून यावयास त्याला वर्षे लागली. आणि परतताना घर गाठण्यापूर्वीच स्मोलेन्स्कजवळ त्याचा अंत झाला. लांबच्या प्रवासाचे मोल त्या काळी आयुष्याच्या वर्षांत मोजीत.

पुढे इंग्रज आले ते समुद्राने. आफ्रिकेला वळसा घालून मुंबई ते लंडन ही वाट सुमारे २०,००० किलोमीटरांची होती आणि शिडाच्या जहाजाला चार-सहा महिने लागत. १८३० साली ‘ह्यू लिंडसे’ नावाची आगबोट २० मार्चला मुंबईहून निघाली आणि २२ एप्रिलला सुवेझला पोहोचली. ही बोट मुंबईच्याच गोदीत बांधलेली. एडनपर्यंत कोळसा पुरावा म्हणून तिच्या प्रवाशांच्या खोल्यांतसुद्धा कोळसा भरला होता. पुढे १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुवेझचा कालवा उघडला आणि समुद्रमार्ग साडेअकरा हजार किलोमीटरांच्या आसपास आला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईची टपाल पंधरवड्याच्या आसपास लंडनला पडू लागली.

इतिहासाच्या पुस्तकांत येथे इंजिनियरांची आणि कंपन्यांची नावे येतात. ती येऊ द्यावीत. परंतु त्या बोटीच्या तळाशी भट्टीपुढे उभे असलेले आगवाले आणि वरच्या डेकवरचे खलाशी यांची नावे येत नाहीत. डेकवर पुष्कळदा आमचे कोकणी दर्यावर्दी असत, भट्टीपाशी पंजाबी आणि पठाण, आणि भटारखान्यात व टेबलापाशी गोवेकर. त्यांचे करारनामे गोऱ्या खलाशांच्या करारनाम्यांहून वेगळे, पगार त्यांच्या पगाराचा लहानसा हिस्सा, आणि राहावयाची जागाही कमी. तांबड्या समुद्राच्या उन्हात भट्टीसमोर कोळसा ओढणाऱ्या माणसाच्या घामावर लंडनची वाट आखूड झाली, हे विसरून चालणार नाही.

ज्यांचे बालपण रोह्यात गेले ते चिंतामणराव देशमुख १९१५ साली केंब्रिजला शिकावयास गेले. त्या काळी विलायतेला जाणे म्हणजे बोटीने जाणे, आणि तेही महायुद्ध पेटलेले असताना. हेच चिंतामणराव पुढे देशाचे अर्थमंत्री असताना १९५३ साली विमान कंपन्यांच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा झाला. एका माणसाच्या आयुष्यात किती मोठे अंतर तुटले ते यावरून दिसेल.

हवेतून टपाल नेण्याची सुरुवात ३० मार्च १९२९ रोजी झाली. लंडनजवळच्या क्रॉयडनहून निघालेली टपाल काही विमानाने, काही आगगाडीने, काही समुद्रावर उतरणाऱ्या विमानाने अशी टप्प्याटप्प्याने सात दिवसांत कराचीला आली. पण ती कराचीलाच थांबली. मुंबई त्या वाटेवर नव्हती. त्याच सुमारास आगाखान यांनी इंग्लंड आणि हिंदुस्थान यांमधील अंतर एकट्याने उडून जाणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी बक्षीस लावले. अ‍ॅस्पी इंजिनियर इंग्लंडहून इकडे यावयास निघाले, जहांगीर टाटा कराचीहून तिकडे जावयास निघाले. इजिप्तमध्ये दोघांची गाठ पडली, तेव्हा अ‍ॅस्पींच्या विमानाला लागणारे स्पार्क प्लग टाटांनी आपल्याजवळचे काढून दिले; आणि बक्षीस अ‍ॅस्पींनी जिंकले.

कराची ते मुंबई हा तुटलेला दुवा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जोडला गेला. त्या दिवशी सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी जहांगीर टाटा ‘पस मॉथ’ जातीच्या लहान विमानातून कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून निघाले. बरोबर टपालाचे ओझे होते अवघे २५ किलोंचे. वाटेत अहमदाबादेला पेट्रोल घ्यावयाचे होते. ते पेट्रोल डब्यांत भरून बैलगाडीतून आले. दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी विमान जुहूच्या मैदानावर उतरले. सव्वासात तासांत कराचीची टपाल मुंबईत! तेथून ती नेव्हिल व्हिन्सेंट यांनी बेल्लारीमार्गे मद्रासला नेली. जुहूचे ते मैदान समुद्राच्या पातळीवरचे, चिखलाचे. पावसाळ्यात ते पाण्याखाली जाई, म्हणून त्या दिवसांत विमाने पुण्यास येरवड्याला उतरत. पहिल्या वर्षात या सेवेने १,६०,००० मैल उड्डाण केले आणि १५५ प्रवासी वाहिले.

टाटा हे नाव आमच्या तालुक्याला मात्र विमानाच्या आधीच परिचयाचे झाले होते. मुळशीच्या धरणाचे पाणी घाटाखाली सोडून भिरा येथे १९२७ साली वीज निघू लागली आणि ते पाणी कुंडलिकेत आले. ती वीज मुंबईला गेली. मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली त्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला होता, हेही त्याच पाण्याबरोबर आठवावे. विमानाचे धाडस खरे, आणि ज्या भांडवलाच्या आधारावर ते उभे राहिले त्याच्या मागचे बुडालेले शिवारही खरे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी ध्यानात ठेवणे म्हणजे इतिहास वाचणे, असे आम्हांस वाटते.

स्वातंत्र्यानंतर ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे एअर इंडिया इंटरनॅशनलचे विमान ३५ प्रवासी घेऊन मुंबईहून निघाले आणि कैरो, जिनिव्हा असे मुक्काम घेत १० जूनला लंडनला पोहोचले. सहा महिन्यांची वाट दोन रात्रींवर आली. वर्तमानपत्रांतून राजेरजवाड्यांच्या प्रवासाची वर्णने आली. परंतु त्याच विमानाची दुसरी हकीकत आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. ३ नोव्हेंबर १९५० रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ जिनिव्हाकडे उतरत असता आल्प्समधील माँ ब्लां या शिखरावर वादळात आदळले. ४० प्रवासी आणि ८ कर्मचारी, सर्वच्या सर्व मृत्यू पावले. आणि हे प्रवासी कोण होते? ते जवळजवळ सगळे भारतीय खलाशी होते. इंग्लंडच्या न्यूकॅसल बंदरात उभ्या असलेल्या बोटीवर त्यांना कामाला हजर व्हावयाचे होते. ज्या दर्यावर्दी लोकांनी शंभर वर्षे बोटींवर राबून ही वाट आखूड केली, त्यांचेच भाईबंद नव्या वाटेने कामावर जाताना बर्फात गेले. त्यांच्या मदतीसाठी त्या डोंगरातील वाटाडे वर चढले. त्यांपैकी रने पायो हा वाटाड्या बर्फाच्या भेगेत पडून मेला. ज्यांची भाषा त्याला ठाऊक नव्हती अशा माणसांसाठी त्याने प्राण दिला. कामगारांच्या बंधुभावावर आम्ही अनेक भाषणे ऐकली आहेत. याहून मोठे भाषण आम्हांस माहीत नाही.

१९६० साली एअर इंडियाची बोइंग ७०७ ही जेट विमाने आली आणि लंडनची वाट एका दिवसाच्या आत आली. जून १९६२ मध्ये ती कंपनी जगातील पहिली केवळ जेट विमानांची कंपनी ठरली. २४ जानेवारी १९६६ रोजी ‘कांचनजंगा’ हे तिचे विमान त्याच माँ ब्लांवर कोसळून ११७ माणसे गेली; डॉ. होमी भाभा त्यांत होते. त्या विमानातील भारत सरकारच्या टपालाची एक पिशवी २०१२ साली वितळत्या बर्फातून वर आली. विमानाने झटपट पोहोचावयाची टपाल बर्फातून बाहेर यावयास ४६ वर्षे लागली.

वाटेचे आणखी एक रहस्य सांगावयास हवे. दोरा ताणून काढलेली वाट तेव्हाच उपयोगी, जेव्हा तिच्याखालचे देश दार उघडे ठेवतात. सुवेझचा कालवा १९६७ च्या युद्धात बंद झाला तो १९७५ पर्यंत, आणि बोटींना पुन्हा आफ्रिकेचा वळसा आला. आकाशाचेही तसेच आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण झाले आणि त्या देशाचे आकाश प्रवासी विमानांना बंद झाले. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले. अंतर तेच, पण वाट वाकडी झाली; इंधन वाढले, वेळ वाढला. शांतता ही नुसती सभ्य कल्पना नाही, तिचा हिशेब तासांत आणि रुपयांत होतो.

आता या सगळ्यापुढे आपल्या रोह्याचा हिशेब मांडू. मुंबई ते ठाणे ही पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. रोह्याला रेल्वे आली १९८६ साली. म्हणजे मुंबईहून निघालेल्या रेल्वेला रोहा गाठावयास १३३ वर्षे लागली! रस्त्याने हे अंतर १२० किलोमीटरांच्या आसपास आहे. याच काळात लंडन मुंबईपासून पंधरवड्यावर आले, आठवड्यावर आले, दोन दिवसांवर आले आणि दहा तासांवर आले. मधल्या काळात आमच्या लोकांची वाट कोणती? खाडीतून मचव्याने भात जाई, माणसे लाँचने आणि आगबोटीने जात. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वादळी समुद्रात कलंडली आणि सहाशेंहून अधिक माणसे बुडाली. अमावास्येच्या सणासाठी गावी परतणारे नोकरदार आणि मजूर त्यांत होते. पुढे ११ महिन्यांनी ‘मलबार प्रिन्सेस’ लंडनला उडाले. ज्या मुंबईहून लंडन गाठता येऊ लागले, त्याच मुंबईहून समोरच्या किनाऱ्यावरचे रेवस पावसाळ्यात सुखरूप गाठण्याची हमी नव्हती.

रोह्यापासून पुढे कोकण रेल्वे सुरू होते. तिचा सबंध मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी खुला झाला. मुंबई–गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम पळस्पे ते इंदापूर या टप्प्यात २०११ साली सुरू झाले. दहा वर्षे उलटून गेली तरी ते पुरे झाले नव्हते. पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड या वाटेवरचे खड्डे कोणाच्या कंबरेला माहीत नाहीत? लंडनची वाट घडविताना पैसा, बुद्धी आणि घाई यांची कधी कमतरता पडली नाही. जवळच्या वाटेला तिन्ही गोष्टी तोटक्या पडल्या. याला निसर्ग कारण नव्हे, डोंगर आणि खाड्याही कारण नव्हेत. आल्प्स आमच्या सुकेळी खिंडीहून मोठे आहेत. वाट कोणासाठी करावयाची, हे जेथे ठरते, तेथे कोणाचा आवाज पोहोचतो, हे त्याचे कारण आहे.

आज रायगड जिल्ह्यातच विमानतळ झाला आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. त्यासाठी उलव्याची टेकडी कापली, नदीचा प्रवाह वळविला आणि दहा गावांना आपली घरे सोडावी लागली. नवी मुंबईसाठी जमिनी घेतल्या गेल्या, तेव्हा योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी लढा दिला. जानेवारी १९८४ मध्ये १६ आणि १७ तारखेला झालेल्या गोळीबारात पाचजण हुतात्मे झाले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व त्या रक्तातून आले. धावपट्टीवरून विमान काही क्षणांत वर जाते. तिच्याखालच्या मातीचा इतिहास इतका जड आहे.

आमच्या तालुक्यातून आणि शेजारच्या म्हसळा, श्रीवर्धनकडून कितीतरी तरुण आखातात कामाला जातात. मुंबई ते दुबई अंतर १,९०० किलोमीटरांहून थोडे अधिक, वेळ तीन तासांचा. पण दलालाला पैसे देण्यासाठी काढलेले कर्ज फिटावयास कित्येकांना दोन-दोन वर्षे लागतात. परदेशी जाणाऱ्या मजुरांच्या रक्षणासाठी १९८३ चा कायदा आहे. तो कायदा त्या तरुणाच्या हाती पडेपर्यंत विमान उडालेले असते. तेव्हा त्याच्यासाठी दुबई किती लांब? तीन तास, की दोन वर्षे? आमचे उत्तर असे की, कर्ज फिटेपर्यंत तो दुबईला पोहोचलेलाच नसतो. तो वाटेतच असतो.

श्रोतेहो, अंतर मोजण्याचे काम भूगोलाचे, आणि ते अचूक झाले आहे. वेळ कमी करण्याचे काम विज्ञानाचे, तेही त्याने थोर रीतीने केले आहे. त्याबद्दल आम्ही कृतज्ञ असावे. उरलेले काम मात्र आपले आहे. कोणाचा वेळ आधी वाचवावयाचा, कोणाच्या गावची वाट आधी नीट करावयाची, आणि वाट करताना ज्याची जमीन गेली, ज्याचे श्रम गेले, त्याला काय द्यावयाचे, हे ठरविणे विज्ञानाच्या हाती नाही. ते ग्रामसभेत, नगरपरिषदेत, युनियनच्या बैठकीत आणि मतपेटीत ठरते. तेथे आपण हजर राहिलो नाही, तर लंडन आणखी जवळ येईल आणि मुंबईच्या उत्तरातला तो ‘तर’ तसाच राहील. तो ‘तर’ काढून टाकण्याचे काम या पिढीने हाती घ्यावे, एवढीच आमची विनंती आहे.